शिडाचं सूत

२०२५च्या सप्टेंबरात नातीनं व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ पाठवला. ऑस्लोच्या संग्रहालयातलं ओसेबर्गचं जहाज छताखालच्या पोलादी रुळांना टांगून जुन्या इमारतीतून शेजारच्या नव्या इमारतीत नेत होते. अंतर जेमतेम शंभर-एक मीटर. त्याला जवळजवळ अख्खा दिवस लागला. जहाज हलतंय हे कळावं म्हणून व्हिडिओ भरभर पळवला होता. खाली नातीचा प्रश्न, "आजी, आठवतंय का?"

न आठवायला काय झालं! २०१६ साली मुलाकडे स्टॅव्हँगरला गेलो होतो तेव्हा चार दिवस ऑस्लोला काढले होते. बिगडॉय म्हणून तिथं एक हिरवंगार टोक आहे. गावातून बोटीनं जाता येतं. तिथं पांढऱ्या भिंतींचं, चर्चसारखं दिसणारं संग्रहालय होतं (ते २०२२मध्ये बंद झालं, आता त्यालाच जोडून खूप मोठं नवं बांधलंय). आत शिरलं की समोर एकदम हे जहाज. काळं कुळकुळीत, आणि पुढचं टोक नागानं फणा काढावा तसं वर जाऊन गुंडाळलेलं. आमचे हे तोवर रस्त्याच्या चढाबद्दल आणि तिथल्या कॉफीच्या किमतीबद्दल बोलत होते, ते गप्प झाले. चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांना गप्प करणाऱ्या गोष्टी मला बोटांवर मोजता येतील.

ते जहाज इसवी सन ८२०च्या सुमारास नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर बांधलं गेलं आणि ८३४ साली जमिनीत पुरलं गेलं. लाकडाच्या आतली वर्षवलयं मोजून हे साल काढता येतं. लांबी साडेएकवीस मीटर, रुंदी पाच मीटरच्या थोडी वर, वल्ह्यांच्या पंधरा जोड्या. १९०३ साली एका शेतकऱ्यानं आपल्या शेतातली टेकडी खणायला घेतली, त्यात सापडलं. टेकडी निळ्या चिकणमातीची नि गवताच्या ढेकळांची होती. त्या मातीनं हवा आत जाऊ दिली नाही म्हणून लाकूड टिकलं. त्याच देशात येलेस्टाडला २०१८मध्ये रडारनं आणखी एक जहाज दिसलं. तिथं खणल्यावर लाकूड जवळजवळ सगळं कुजलेलं निघालं, हाती आले ते मुख्यतः खिळे आणि मातीत उमटलेला आकार.

ह्यांचा जीव खिळ्यांत. बँकेत नोकरी केली, पण मूळ हात सुताराचा. त्यांनी मला तिथं उभ्याउभ्या समजावून दिलं ते असं. आपण आधी सांगाडा करतो नि मग त्यावर फळ्या मारतो. ह्या लोकांनी उलटं केलं. तळाला एक लांब कणा, दोन्ही टोकांना वळलेली लाकडं, आणि मग फळीवर फळी चढवत गेले. वरच्या फळीची कड खालच्या फळीवर थोडी चढलेली, आपली मंगळुरी कौलं एकमेकांवर बसतात ना, तशी (फक्त इथं वरचं खालच्यावर बाहेरून बसतं). कडा लोखंडी रिव्हेटांनी आवळायच्या, फटीत डांबरात भिजवलेली लोकर भरायची. आतल्या आडव्या फासळ्या नंतर बसवायच्या, आणि त्याही फळ्यांना सरळ खिळ्यांनी ठोकायच्या नाहीत, बांधायच्या. ओसेबर्गच्या जहाजात हे बांधकाम देवमाशाच्या तोंडातल्या झालरीच्या पट्ट्यांनी केलेलं आहे. बांधायला कोंब कुठून आणले, तर फळी तासतानाच तिच्यावर मधूनमधून उंचवटे राखून ठेवले. म्हणजे फळी आधी जाड घ्यायची आणि उंचवटा सोडून बाकीची तासून टाकायची. केवढं लाकूड वाया! पण जंगल त्यांचं होतं.

करवत वापरत नसत. ओकचा बुंधा पाचरी ठोकून उभा फोडायचा, कलिंगडाच्या फाकी काढाव्या तसा मध्याकडून बाहेर. करवत लाकडाचे धागे कापत जाते, पाचर धाग्याधाग्यानं जाते. त्यामुळे दोन-अडीच सेंटीमीटरची फळीसुद्धा समुद्राला पुरून उरते. आणि बांधलेलं असल्यामुळे सबंध जहाज लवचिक. लाट आली की अंग वाकवतं.

हे नुसतं पुस्तकी नाही. गोकस्टाडला १८८०मध्ये सापडलेल्या जहाजाची हुबेहूब प्रतिकृती करून माग्नुस आंडेरसन नावाच्या कप्तानानं १८९३ साली अटलांटिक ओलांडला. बेर्गनहून न्यूफाउंडलंडला अठ्ठावीस दिवसांत. जहाजाची वरची कड लाटांबरोबर पंधरा सेंटीमीटरपर्यंत पिळवटायची आणि तरी पाणी आत येत नसे, असं त्यानं नोंदवलं. जहाज निघालं होतं शिकागोच्या प्रदर्शनाला. आता १८९३, शिकागो म्हटल्यावर आपल्याला दुसरंच काही आठवतं. बरोबर. त्याच प्रदर्शनाच्या निमित्तानं सप्टेंबरात जी सर्वधर्मपरिषद भरली तिच्यात विवेकानंद बोलले. मी वर्गात कित्येकदा ते शिकागो शिकवलं, पण त्याच गावात तळ्याच्या काठी व्हायकिंगांचं जहाज बांधून ठेवलेलं होतं हे मला निवृत्तीनंतर दहा वर्षांनी कळलं.

ओसेबर्गच्या जहाजाची मात्र पहिली मोठी प्रतिकृती १९८८मध्ये चाचणीतच बुडाली. तेव्हा लोक म्हणाले, हे मुळात शोभेचंच जहाज, राणीला फिरवायचं. पुढे संशोधकांनी मूळ जहाज नव्यानं मोजलं तेव्हा लक्षात आलं की हजारभर वर्षं टेकडीच्या वजनाखाली चेपलेले तुकडे जोडताना पुढच्या भागाचा आकार बदलला होता, आणि प्रतिकृती त्यावरून केली होती. नव्या मापांनी टॉन्सबर्गला जहाज बांधलं, २०१२ साली पाण्यात सोडलं. ते झकास चालतं. अकराशे वर्षांनी बाईवरचा आळ गेला म्हणायचा. कारण ते जहाज एका बाईचं होतं.

खरं तर दोन बायांचं. जहाजाच्या मधोमध लाकडी खोली केली होती, तीत दोन स्त्रियांचे सांगाडे होते. एक पन्नाशीची. दुसरी सत्तर ते ऐंशीच्या मधली, म्हणजे माझ्या वयाची. हाडं तपासल्यावर कळलं की थोरलीला कर्करोग होता आणि संधिवातानं ती पार जखडलेली होती. तिच्यासोबत काय काय दिलंय बघा. कोरीव गाडी, घसरगाड्या, पलंग, स्वयंपाकाची भांडी, जंगली सफरचंदं, घोडे दहापेक्षा जास्त, कुत्रे, माग, चात्या, लोकर विंचरायची साधनं. एका बादलीच्या कडीपाशी पितळी मांडी घातलेला माणूस आहे, छातीवर स्वस्तिकं. त्याला तिथले लोक 'बुद्ध' म्हणतात. मी तर हात जोडणारच होते. पण तो बुद्ध नव्हे, बहुधा आयर्लंड-इंग्लंडकडची कारागिरी. खरा भारतातला बुद्ध स्वीडनच्या हेल्ग्यो बेटावर १९५६ साली खणताना निघाला, जेमतेम सव्वातीन इंच उंचीचा, काश्मीर-स्वात बाजूचा. तो तिथवर कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेला असेल!

ती थोरली कोण, राणी की पुजारीण, ठाऊक नाही. तिची सेविका म्हणून दुसरीला मारून सोबत पुरलं, असं पूर्वी सांगत. दुसरीचं गळ्याजवळचं हाड मोडलेलं होतं, त्यावरून. नंतर दिसलं की ते मोडलेलं हाड मरणापूर्वी काही आठवडे सांधत आलेलं होतं. तरी नातीनं (तेव्हा ती नऊ वर्षांची होती) माझा हात ओढून विचारलंच, "मग जहाज ह्यांचं होतं तर ह्यांची नावं का नाहीत?" मी म्हटलं, लिहून ठेवणारं कुणी नव्हतं. ती म्हणाली, "राजांची तर आहेत."

मला जे सांगायचंय ते इथून पुढे आहे, मंडळी. खिळे आणि फळ्या ह्यांच्या वाटणीला. माझं लक्ष लागलं ते तिथं नसलेल्या एका गोष्टीकडे. शीड.

उत्तरेकडच्या लोकांकडे शीड उशिरा आलं. चौथ्या शतकातली नीडामची ओकची होडी सापडली आहे, ती निव्वळ वल्ह्यांची. आत्तापर्यंत सापडलेल्या तिकडच्या जहाजांत शिडाची डोलकाठी असलेलं सर्वांत जुनं म्हणजे हेच ओसेबर्गचं. आणि शीड आल्याबरोबर शंभरेक वर्षांत ही माणसं आइसलंडपासून व्होल्गेपर्यंत पोचली. वल्ही मारत कुणी अटलांटिक ओलांडत नाही. पण शीड कशाचं? लोकरीचं! मला आधी खरं वाटेना. लोकर भिजली की जड होते, स्वेटर धुणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. पण तिकडच्या जुन्या जातीच्या मेंढ्यांना दुहेरी केस असतात, बाहेरचे लांब नि राठ, आतले मऊ. राठ केसांचं घट्ट पिळाचं सूत उभं, मऊ केसांचं सैल सूत आडवं, आणि विणून झाल्यावर चरबी, गेरू, पाइनचं डांबर ह्यांनी माखायचं म्हणजे वारा अडतो. उत्तर नॉर्वेत ट्रॉन्डेनेसच्या जुन्या चर्चच्या छपराच्या फटींत लोकरी कापडाचे तुकडे कोंबलेले सापडले, ते जुन्या शिडाचे निघाले. फाटकं शीड चिंधी म्हणून वापरलं होतं! त्यावरून आणि आजच्या विणकरांनी प्रत्यक्ष शिडं विणून पाहिली त्यावरून हे सगळं कळलं.

आता थोडं गणित करू या. शंभर चौरस मीटरच्या शिडाला सुमारे दीडशे किलोमीटर सूत लागतं. मुंबईहून पुण्यापर्यंत धागा! चातीवर चांगली सवयीची बाई तासाला तीस ते पन्नास मीटर कातते. चाळीस धरा. दीडशे किलोमीटर म्हणजे दीड लाख मीटर, भागिले चाळीस, ३,७५० तास. रोज आठ तास, एकही सुट्टी नाही, तरी सव्वा वर्षाच्या वर. हे फक्त कातणं. मेंढ्यांची लोकर उपटणं, निवडणं, विंचरणं, मग दगडांचे वजन लावलेल्या उभ्या मागावर विणणं, पट्टे जोडणं, माखणं हे निराळं. जे करून बघतात ते म्हणतात, एकट्या माणसाला एका शिडाला चार-साडेचार वर्षं जातील. आणि बायका काही शीडच करत बसलेल्या नव्हत्या. अंगावरचे कपडे, पांघरुणं, लंगोटापासून प्रेताच्या चादरीपर्यंत सगळं त्याच चातीवरून.

हा आकडा वाचला आणि मला आमचा सूतकताईचा तास आठवला. १९६०च्या आसपासची गोष्ट. आमच्या पिढीतल्यांना आठवत असेल, प्राथमिक शाळेत टकळी न्यावी लागे. पेळू बोटात धरायचा, टकळी वाटीत फिरवायची, आणि धागा तुटायचा. पुन्हा जोडायचा, पुन्हा तुटायचा. सबंध तासात माझं सूत किती? वीतभर वाढवून सांगितलं तरी दहा-बारा मीटर, तेही गाठीगाठींचं. शेजारच्या बाकावरच्या मुलीचं सूत मात्र सरसर उतरायचं, कारण तिच्या घरी कोष्ट्याचा धंदा होता. बाई तिला शाबासकी द्यायच्या नि गणितात उभं करायच्या. व्हायकिंगांची चाती तीच हो. खाली भोक पाडलेली एक दगडी चकती, वर काडी. उभ्यानं, चालताना, पोराला झोका देताना कातता येईल अशी.

आणि ही चकतीच पुढे साक्षीला आली. न्यूफाउंडलंडच्या टोकाला लान्स ओ मेडोज म्हणून जागा आहे. १९६०नंतर हेल्गे आणि आने स्टीने इंगस्टाड ह्या नॉर्वेजियन नवराबायकोनं तिथं व्हायकिंगांची घरं शोधून काढली. कोलंबसाच्या पाचशे वर्षं आधीची. तिथलं लाकूड १०२१ साली तोडलेलं होतं, इतकं नेमकं २०२१मध्ये सिद्ध झालं. त्या जागी मऊ दगडाची चातीची चकती सापडली. म्हणजे अमेरिकेच्या किनाऱ्यावर त्यांच्यातली बाई पोचली होती आणि तिथंही ती कातत होती. खणण्याचं काम बरंचसं आने स्टीनेच्या देखरेखीखाली झालं. नाव मात्र आधी नवऱ्याचं घेतात.

आता काही वाचकांच्या घरात खसखस पिकेल, पण लिहिते. आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे. मला 'शिक्षिका' म्हणून मजकूर तपासायला दिला. त्यात आजोबांच्या नावापुढे 'गावात दुमजली घर बांधले' असं आहे. घर बांधलं खरं. पण पहिला मजला झाला तो आजीच्या पाटल्यांवर आणि दुसरा तिनं वीस वर्षं चालवलेल्या पापड-कुरडयांवर, हे आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. वृत्तांतात तिच्यापुढे माहेरचं आडनाव नि अपत्यांची संख्या. पुष्कळ बायकांची तर माहेरची पहिली नावंही गेली, लग्नात बदललेलं तेवढं शिल्लक. मी प्रत्येक पानावर पेन्सिलीनं भर घालून दिली आहे. संपादक पुतण्या म्हणतो, पानं वाढतील, खर्च वाढेल. वाढू दे. ज्या ज्या आत्या-मावश्यांना आपल्या आईचं माहेरचं नाव ठाऊक आहे त्यांनी मला फोन करा, पत्र टाका. ऐंशी-नव्वदीच्या तीन जणी आहेत, त्यांच्याकडे मी स्वतः जाणार आहे. ह्यात मी माघार घेणार नाही हे त्याला घरी सांगितलंय, इथंही सांगते.

असो. जहाजाकडे वळू. एवढं सगळं कौतुक लिहिताना एक खडा दाताखाली येतोच. आयर्लंडच्या जुन्या वार्षिक नोंदींत ८२१ सालाखाली आहे की परक्या लुटारूंनी हाउथ लुटलं आणि तिथून पुष्कळ बायका धरून नेल्या. ८२१! ओसेबर्गचं जहाज त्याच सुमारास तयार झालेलं. तेच जहाज तिथं गेलं असं मी म्हणत नाही, पण त्याची भावंडं गेलीच. पुढे डब्लिन हे गुलामांच्या खरेदी-विक्रीचं मोठं ठाणं झालं. जहाजाचा तळ उथळ, पाऊण-एक मीटर पाणी पुरतं. त्यामुळे नदीतून आत शिरता येतं, वाळूवर चढवता येतं, दोन्ही टोकं सारखी म्हणून न वळवता मागे पळता येतं. ज्या गुणांसाठी आपण टाळ्या वाजवतो त्याच गुणांनी पहाटे गावात कुणाला कळायच्या आत माणसं उतरत. आइसलंडच्या लोकांच्या जनुकांचा अभ्यास झालाय. तिथं वस्ती करायला गेलेले पुरुष बहुसंख्य स्कँडिनेव्हियातले, आणि बायका मात्र साठ टक्क्यांच्या आसपास आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या. त्यांतल्या किती राजीखुशीनं जहाजात चढल्या? आणि तिथं पोचल्यावर त्यांच्या हाती काय दिलं असेल, तर चाती. पुढच्या शिडासाठी.

नातीनं तेव्हा हेही विचारलं होतं की हे लोक चांगले की वाईट. वर्गात हा प्रश्न मला दरवर्षी कुणाबद्दल तरी येई. मी तिला एवढंच सांगितलं की तू जहाज बघ आणि त्यात कोण कोण बसलं असेल ते सगळे मोज, नुसते वल्ही मारणारे मोजू नकोस. ती खरंच मोजायला लागली. भोकं मोजून 'तीस' म्हणाली, मग आत वाकून बघत राहिली. आता ती अठरा वर्षांची आहे, तिकडच्या कॉलेजात कापडाचं शास्त्र शिकायचं म्हणते. माझा त्यात काही हात नाही, ती लहानपणापासूनच चिंध्या जमवणारी.

ह्यांना मात्र अजून लाकडाचंच वेड. गोव्यात बांधलेलं 'कौंडिण्य' जहाज २०२५मध्ये आपल्या नौदलात आलं तेव्हा बातम्यांची कात्रणं काढून ठेवली त्यांनी. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून केलंय, आणि फळ्या नारळाच्या काथ्यानं शिवलेल्या, खिळे नाहीत. त्या वर्षाच्या अखेरीस ते पोरबंदरहून मस्कतकडे निघालं तेव्हा हे रोज सकाळी मला जहाज कुठवर आलं ते सांगत होते. व्हायकिंगांनी रिव्हेट मारले, आपल्यांनी शिवलं, पण लाटेबरोबर वाकायचं ही अक्कल दोघांची एकच, असं ह्यांचं म्हणणं. काथ्या कुणी वळला, असं मी विचारलं. त्यावर ते चष्मा पुसत बसले.

ऑस्लोचं नवं संग्रहालय २०२७ साली उघडायचं ठरलंय. माझ्या गुडघ्यांना ते मान्य होईल असं दिसत नाही. ओसेबर्गच्या मऊ लाकडाच्या वस्तू शंभर वर्षांपूर्वी टिकाव्यात म्हणून तुरटीच्या गरम पाण्यातून काढल्या होत्या. त्याच तुरटीतून आम्ल तयार होऊन आतून भुगा होत चाललाय, त्यावरही तिथले लोक वर्षानुवर्षं खपताहेत. जहाजाच्या ओकला तुरटी लावली नव्हती, म्हणून ते बरं आहे. लोकरीच्या, रेशमाच्या चिंध्या अंधारात जपून ठेवल्यात. नातीला सांगून ठेवलंय, जाशील तेव्हा जहाजाचे फोटो पाठवू नकोस, ते पुष्कळ आहेत. चात्या कुठं ठेवल्यात ते बघ, आणि त्यांच्याजवळ उभी राहून फोन कर.

ता. क. धाकट्या जाऊबाईंनी फोनवर विचारलं, व्हायकिंगांच्या शिरस्त्राणाला शिंगं असायची ना? नसायची. ती शिंगं १८७६ साली जर्मनीत वाग्नरच्या संगीतनाटकाच्या वेषभूषाकारानं बसवली आणि मग जगभर तीच चालली. आपल्याकडे पौराणिक नाटकांतले मुकुट जसे कंपनीच्या पेटाऱ्यातून येतात, त्यातलाच प्रकार.